पॅरिसमधले एक भाषण आणि ‘इस्लामी मानवाधिकार’ नावाची मक्तेदारी

१/ समाजमाध्यमांवर दोन विधाने आलटून पालटून फिरत असतात. पहिले असे की, मानवाधिकार ही निखळ पाश्चात्त्य कल्पना असून इस्लामला तिचे मुळातच वावडे आहे. दुसरे असे की, इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच सारे मानवाधिकार बहाल केले, संयुक्त राष्ट्रांनी ते केवळ उतरवून घेतले. ही विधाने करणारे एकमेकांचे हाडवैरी भासतात. वस्तुतः एका गोष्टीवर त्यांचे संपूर्ण एकमत आहे : इस्लामचा दृष्टिकोन एकच असून तो फार पूर्वी, कायमचा ठरून गेलेला आहे. प्रस्तुत थ्रेडचा रोख त्या एकमतावर आहे.

२/ आरंभ १९४८ च्या शरद ऋतूतील पॅरिसपासून करू. सेन नदीच्या काठावरील पाले द शायो या प्रासादात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरली होती. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यावर तिच्या तिसऱ्या समितीने ऐंशीहून अधिक बैठका घेतल्या. शब्दाशब्दावर वाद झाले. त्यांतला एक कडवा वाद कलम १८ वर झाला. विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य देणारे हे कलम. धर्मस्वातंत्र्य बहुतेकांना मान्य होते. अडचण होती ती त्यातल्या एका उपवाक्याची : या स्वातंत्र्यात आपला धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे.

३/ ते उपवाक्य लावून धरणारे होते लेबनॉनचे चार्ल्स मलिक. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्याला कडाडून विरोध करणारे होते सौदी अरेबियाचे प्रतिनिधी जमील बारूदी. आता गंमत पाहा. बारूदीही मूळचे लेबनॉनचेच, आणि तेही ख्रिस्ती. म्हणजे सौदी राजसत्तेच्या वतीने धर्मांतराच्या हक्काला विरोध करणारा माणूस स्वतः मुसलमान नव्हता. ‘इस्लाम विरुद्ध पाश्चात्त्य’ असा सोपा नकाशा घेऊन या सभागृहात शिरणाऱ्याची वाट पहिल्याच दालनात चुकते.

४/ बारूदींचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. त्यांचा युक्तिवाद ऐतिहासिक होता. धर्मप्रसाराच्या नावाने आलेले मिशनरी अनेकदा परकीय हस्तक्षेपाचे अग्रदूत ठरले, धर्मयुद्धांनी पश्चिम आशियात रक्ताचे पाट वाहवले, तेव्हा ‘धर्म बदलण्याचा हक्क’ हे निष्पाप वाक्य नाही, असे ते सांगत होते. १९४८ साली हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचे देश नुकतेच वसाहतींच्या जोखडातून सुटले होते आणि काहींचे शेजारी अजून त्यात अडकलेले होते. ज्या पॅरिसमध्ये हा जाहीरनामा मंजूर होत होता, त्याच पॅरिसमधून अल्जीरियाचा कारभार चालत होता. मे १९४५ मध्ये अल्जीरियातील सेतीफ परिसरात फ्रेंच फौजांनी हजारो माणसे मारली, त्याला पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

५/ या युक्तिवादाला उत्तर मिळाले, पण ते कोणा फ्रेंच वा इंग्रज मुत्सद्द्याकडून नव्हे. जाहीरनामा आमसभेपुढे अंतिम मंजुरीसाठी आला असता पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुहम्मद जफरुल्ला खान बोलायला उभे राहिले. सियालकोटचे, व्यवसायाने कायदेपंडित, फाळणीपूर्वी हिंदुस्थानच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश राहिलेले.

६/ त्यांच्या मांडणीचा आशय असा. मिशनऱ्यांच्या कार्याला कधी कधी राजकीय रूप आले, हे त्यांनीही नाकारले नाही. पण इस्लाम हा स्वतः प्रसार करणारा धर्म आहे. आपण जगाला आपल्या श्रद्धेकडे बोलावतो. समोरच्याने आपला धर्म सोडून आपल्याकडे यावे अशी आपली इच्छा असते. मग त्याला धर्म बदलण्याचा हक्क आहे हे आपण गृहीतच धरलेले असते. तोच हक्क आपल्यातून बाहेर जाणाऱ्याला कोणत्या तोंडाने नाकारायचा? आणि मग त्यांनी थेट कुराणाचा आधार दिला : ज्याला मानायचे त्याने मानावे, ज्याला नाकारायचे त्याने नाकारावे, या अर्थाच्या वचनाचा. अठराव्या सूरेतले ते वचन. सक्तीने लादलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हा त्याचा निष्कर्ष त्यांनी जगापुढे ठेवला.

७/ १० डिसेंबर १९४८. मतदान झाले : ४८ अनुकूल, विरोधी एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांची यादी ‘मुसलमानांचा मानवाधिकारांना विरोध’ असे छातीठोकपणे लिहिणाऱ्यांनी पाठ करावी अशी आहे. सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले मिळून सहा. वर्णभेदाचे धोरण नुकतेच स्वीकारलेला दक्षिण आफ्रिका. आणि सौदी अरेबिया. मुस्लिमबहुल देशांपैकी तटस्थ राहिला तो एवढा एकच. अफगाणिस्तान, इराण, इराक, सीरिया, तुर्कस्तान, पाकिस्तान यांनी बाजूने मत दिले. इजिप्तने विवाह आणि धर्मांतर या कलमांबद्दल आपले आक्षेप नोंदवले आणि मग बाजूनेच मत दिले.

८/ आणखी दोन नावे. पाकिस्तानच्या बेगम शाईस्ता इकरामुल्ला यांनी विवाहातील समान हक्कांच्या कलमाची पाठराखण केली, कारण बालविवाह आणि सक्तीचे विवाह रोखण्याचे ते साधन आहे असे त्यांचे मत होते. पुढे १९५० च्या सुमारास इराकच्या बेदिया अफनान यांनी आग्रह धरला की, नियोजित करारांत स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांची हमी स्वतंत्र कलम म्हणून यावी. आज दोन्ही आंतरराष्ट्रीय करारांत कलम ३ म्हणून जे वाचायला मिळते, त्यामागे बगदादच्या या बाईंचे श्रम आहेत. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दाच्या जागी ‘सर्व मानव’ असा शब्द आणवणाऱ्या भारताच्या हंसा मेहता आपल्याला निदान परीक्षेपुरत्या तरी ठाऊक असतात. इकरामुल्ला आणि अफनान तेवढ्याही ठाऊक नसतात.

९/ एक विषयांतर, पण उपयोगाचे. ‘मानवी हक्कांचा जाहीरनामा’ या मराठी शब्दांत ‘हक्क’ अरबी आहे आणि ‘जाहीरनामा’ अरबी-फारसीच्या घरचा आहे. अरबीत ‘हक्क’ म्हणजे अधिकार, तसेच सत्यही. ईश्वराच्या नावांतही तो शब्द येतो. आपल्याकडे वतनदारांच्या कागदांत तो शतकानुशतके नांदला, फिर्याद, वकील, कायदा या भावंडांसह. ज्यांना या कल्पनेत इस्लामी जगाचा काहीच वाटा दिसत नाही, त्यांनी निषेधही याच शब्दांत नोंदवावा लागतो, हे ध्यानात घ्यावे.

१०/ आता दुसऱ्या विधानाकडे : ‘चौदाशे वर्षांपूर्वीच सर्व दिले.’ या दाव्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो अधिक काळजीपूर्वक तपासायला हवा. धर्मात सक्ती नाही असे कुराणात आहे. प्रेषितांच्या अखेरच्या प्रवचनाच्या परंपरेत अरबाला बिगरअरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हा विचार आहे. मदिनेच्या करारात मुसलमान आणि यहुदी टोळ्यांचे परस्पर दायित्व लिहिलेले आहे. सातव्या शतकातील अरबस्तानात स्त्रीला वारसाहक्काचा निश्चित हिस्सा मिळणे ही क्षुल्लक बाब नव्हती. पुढे गझाली, शातिबी यांसारख्या विद्वानांनी शरियतचा हेतू म्हणून धर्म, जीवित, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची मांडणी केली. या बौद्धिक परंपरेचा ज्यांना गंधही नाही त्यांनी तिला ‘मध्ययुगीन’ म्हणून झटकणे हा अडाणीपणा आहे.

११/ पण त्याच परंपरेत गुलामगिरी होती. गुलाम मुक्त करणे पुण्याचे ठरवले गेले. गुलामी बेकायदा ठरवली गेली नाही. बिगरमुस्लिम प्रजेला संरक्षण होते, त्याची किंमत जिझिया आणि दुय्यम दर्जा ही होती. धर्मत्यागाला कुराणात ऐहिक शिक्षा सांगितलेली नाही. अभिजात फिक्हच्या चारही सुन्नी पंथांनी मात्र हदीसच्या आधाराने पुरुष धर्मत्याग्याला देहदंड मानला. हनफी विद्वानांनी स्त्रीला त्यातून वगळले, ती युद्धात उतरत नाही या कारणास्तव. हे कारण नीट वाचावे. शिक्षा श्रद्धा सोडण्याची नसून शत्रूच्या सैन्याला मिळण्याची आहे, असा तर्क त्यात दडलेला आहे. विसाव्या शतकातील सुधारकांनी तो धागा पकडला. सनातन्यांनी निकाल ठेवला, त्यामागचा तर्क सोडून दिला.

१२/ परंपरेतून नवा निकाल काढता येतो का? येतो, आणि त्याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ट्युनिसचा शासक अहमद बे. त्याची आई सार्डिनियाजवळच्या सान पिएत्रो बेटावरून १७९८ साली चाच्यांनी पळवून आणलेली मुलगी होती. गुलाम मातेच्या या पुत्राने १८४१ साली ट्युनिसमधला गुलामांचा बाजार बंद केला, पुढच्या वर्षी गुलामांची नव्याने जन्मणारी मुले स्वतंत्र ठरवली आणि जानेवारी १८४६ मध्ये गुलामगिरीच रद्द केली.

१३/ उलेमांना त्याने जी कारणे दिली ती अभ्यासण्याजोगी आहेत. दक्षिणेकडून आणले जाणारे अनेकजण आधीपासून मुसलमान असण्याचा संभव आहे, मग त्यांची गुलामी मुळातच संशयास्पद ठरते. मालक गुलामांना धर्माने घातलेल्या अटींप्रमाणे वागवत नाहीत. आणि धर्मविधात्याचा कल स्वातंत्र्याकडे आहे. राज्याचे हितही त्यात होते, तेही त्याने लपवले नाही. ट्युनिसच्या श्रेष्ठ मुफ्तींनी संमती दिली. फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायमची रद्द केली ती यानंतर, १८४८ साली. एकदा १७९४ मध्ये रद्द करून नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली होती. अमेरिकेने १८६५ साल उजाडू दिले.

१४/ पण थांबा, ट्युनिसचा झेंडा हाती घेऊन मिरवणूक काढू नका. सौदी अरेबियाने गुलामगिरी रद्द केली १९६२ मध्ये, ओमानने १९७० मध्ये, मॉरिटानियाने १९८१ मध्ये. एकच ग्रंथ, एकच प्रेषित, आणि निकालांत १३५ वर्षांचे अंतर. हे अंतर ग्रंथाने पाडले असे कोणी म्हणू शकत नाही. सत्ता कोणाच्या हाती होती, उलेमा कोणाच्या पगारावर होते, अर्थव्यवस्था कशावर चालली होती, बाहेरचा दबाव किती होता, या प्रश्नांची उत्तरे तिथे शोधावी लागतात.

१५/ बाहेरच्या दबावाचा उल्लेख आलाच आहे तर इस्तंबूलची एक घटना सांगणे प्राप्त आहे. १८४३ साली तिथे एका आर्मेनियन तरुणाला देहदंड झाला. त्याने इस्लाम स्वीकारून पुन्हा ख्रिस्ती धर्माकडे परतण्याचा गुन्हा केला होता. युरोपीय वकिलातींनी, विशेषतः ब्रिटिश राजदूत स्ट्रॅटफर्ड कॅनिंगने, सुलतानावर प्रचंड दडपण आणले आणि १८४४ मध्ये अशा शिक्षा न देण्याचे वचन मिळवले. परिणाम चांगलाच झाला, जीव वाचले. पण हक्क आणि परकीय वकिलात यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. बारूदी पॅरिसमध्ये ज्या जखमेवर बोट ठेवत होते ती ही. हक्क ज्याच्या हातून येतो, त्या हाताचा वास त्याला लागतो.

१६/ आता दिल्लीकडे वळू, कारण ती तारीख पॅरिसपासून अवघ्या चार दिवसांच्या अंतरावर आहे. ६ डिसेंबर १९४८. भारताच्या संविधान सभेत धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर, आजच्या कलम २५ वर, चर्चा चालू होती. वाद एका शब्दाचा : धर्माचा ‘प्रसार’. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांना हा शब्द हिंदू समाजाच्या मुळावर येणारा वाटला. कन्हैयालाल मुन्शींनी समजावले की, भाषणस्वातंत्र्य दिल्यावर समोरच्याला आपले मत पटवण्याचे स्वातंत्र्य आपोआप येतेच, शिवाय हा शब्द अल्पसंख्य समाजांशी, विशेषतः भारतीय ख्रिस्ती समाजाशी झालेल्या समझोत्याचा भाग आहे. शब्द राहिला.

१७/ हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. त्या सुमारास रियाधचा प्रतिनिधी आणि ओरिसाचा एक हिंदू सभासद एकच भीती व्यक्त करत होते : मिशनरी येतील आणि आपली माणसे नेतील. त्या भीतीला उत्तरेही जवळजवळ सारखीच मिळाली, एक कुराणाच्या आधाराने आणि एक भाषणस्वातंत्र्याच्या. धर्मांतराचा धाक हे एका धर्माचे वैशिष्ट्य असते तर असे घडले नसते. १९७७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात मध्य प्रदेश आणि ओरिसाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असा निर्वाळा दिला. इस्लामी देशांकडे बोट दाखवताना हा निकालही वाचून ठेवावा. मी तो बरोबर मानत नाही. पण ती चर्चा दुसऱ्या थ्रेडची.

१८/ पुन्हा जफरुल्ला खान. त्यांचे काय झाले, यातच ‘इस्लामी मानवाधिकार’ या शब्दप्रयोगाचा खरा इतिहास आहे. जफरुल्ला अहमदिया पंथाचे होते. पॅरिसच्या भाषणानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पाकिस्तानच्या संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला. सार्वभौमत्व ईश्वराचे, आणि लोकशाही, स्वातंत्र्य, समता ही इस्लामने सांगितल्याप्रमाणे पाळली जातील, असा त्याचा आशय. पूर्व बंगालचे श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांच्यासारख्या हिंदू सभासदांनी धोक्याची घंटा वाजवली : इस्लामने सांगितल्याप्रमाणे म्हणजे कोणी सांगितल्याप्रमाणे? जफरुल्ला खान यांनी ठरावाच्या बाजूने भाषण केले. आपला उदार अर्थ हाच इस्लामचा अर्थ राहील, असा त्यांचा विश्वास असावा.

१९/ चारच वर्षांत त्या विश्वासाची परीक्षा झाली. १९५३ मध्ये पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या. प्रमुख मागण्या : अहमदियांना बिगरमुस्लिम घोषित करा आणि जफरुल्ला खान यांना मंत्रिमंडळातून काढा. लाहोरात लष्करी कायदा लावावा लागला. दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी केली. १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल उपखंडाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. न्यायमूर्तींनी मोठमोठ्या उलेमांना एक साधा प्रश्न विचारला : मुसलमान कोणाला म्हणायचे? दोन विद्वानांची व्याख्या जुळेना. एकाची व्याख्या घेतली तर बाकी सारे इस्लामबाहेर जातात, असा निष्कर्ष न्यायमूर्तींना काढावा लागला. जिथे मुसलमान कोण यावर एकमत नाही, तिथे मुसलमानांचा मानवाधिकारविषयक एकच दृष्टिकोन ठाऊक असल्याचा दावा कोण करतो आहे, हे पाहणे आले.

२०/ त्याच दंगलींच्या संदर्भात मौलाना मौदुदी यांना अहमदियांविरुद्धच्या पुस्तिकेसाठी लष्करी न्यायालयाने देहदंड सुनावला. पुढे तो कमी झाला आणि दोन वर्षांत ते सुटले. हे बरेच झाले. पुस्तिकेसाठी कोणालाही फाशी होऊ नये. पण मौदुदींनी स्वतः धर्मत्याग्याला देहदंडच योग्य असे यापूर्वी सविस्तर लिहून ठेवले होते. नंतरच्या काळात त्यांनी इस्लाममधील मानवाधिकारांवर व्याख्यानही दिले, ते आजही पुस्तिकारूपाने जगभर वाटले जाते. पश्चिमेच्या आधी आम्ही हक्क दिले, ही त्यातली भूमिका. ‘चौदाशे वर्षांपूर्वीच’ या विधानाचे विसाव्या शतकातले माहेर शोधायचे असेल तर ते इथे सापडेल.

२१/ ७ सप्टेंबर १९७४. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या राजवटीत पाकिस्तानच्या संसदेने दुसरी घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. हे काम कोणा मुल्लाच्या हुकमाने झाले नाही. निवडून आलेल्या, समाजवादाच्या घोषणा देणाऱ्या पक्षाच्या संसदेने ते केले. जफरुल्ला तोवर आमसभेचे अध्यक्षपद आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्षपद भूषवून निवृत्त झाले होते. जगाने न्यायाधीश म्हणून ज्याला सर्वोच्च आसन दिले, त्याच्या श्रद्धेचा निकाल इस्लामाबादेत बहुमताने लागला.

२२/ राज्यांच्या पातळीवर हाच डाव १९९० मध्ये अधिक मोठ्या पटावर मांडला गेला. ५ ऑगस्ट १९९० रोजी इस्लामी परिषद संघटनेने कैरो जाहीरनामा स्वीकारला. एकूण २५ कलमे. वरवर चाळले तर भारावून जावे असा मजकूर : वंश, वर्ण, भाषा यांवरून भेद नाही, गुलामगिरी निषिद्ध, वसाहतवाद निषिद्ध, युद्धात वृद्ध, स्त्रिया, बालके यांना संरक्षण. आणि मग कलम २४ : येथील सर्व हक्क व स्वातंत्र्ये शरियतच्या अधीन आहेत. कलम २५ : अर्थ लावण्याचा एकमेव आधार शरियत. कोणती शरियत? ट्युनिसच्या मुफ्तींची की रियाधच्या? जफरुल्लांची की मौदुदींची? मसुदा यावर मौन पाळतो, आणि मौनाचा लाभ नेहमी सिंहासनावर बसलेल्याला मिळतो.

२३/ कलम ६ वाचा. स्त्री मानवी प्रतिष्ठेच्या बाबतीत पुरुषाच्या बरोबरीची आहे, असे ते म्हणते. ‘हक्कांच्या बाबतीत’ हे शब्द तिथे नाहीत, आणि हे नजरचुकीने राहिलेले नाही. बेदिया अफनान यांनी चाळीस वर्षांपूर्वी नेमका तोच शब्द लढून मिळवला होता. कलम १० गरिबीचा वा अज्ञानाचा गैरफायदा घेऊन इस्लाममधून बाहेर नेण्यास मनाई करते. स्वतःच्या विचाराने बाहेर पडणाऱ्याचे काय, याबद्दल अवाक्षर नाही. अठराव्या सूरेतल्या ज्या वचनाने पॅरिसची सभा ऐकती केली, ते कैरोत कोणाला आठवले नाही.

२४/ माझा आक्षेप इस्लामच्या आधारे हक्क मांडण्याला नाही. अहमद बे आणि जफरुल्ला यांनी तेच केले, आणि उत्तम केले. आक्षेप आहे तो परवानगी देण्याघेण्याच्या व्यवहाराला. राजे, लष्करशहा आणि त्यांचे सरकारी मुफ्ती यांनी एक कागद तयार करावा, त्यावर अब्जावधी माणसांच्या श्रद्धेचे नाव घालावे, आणि पॅरिस-लंडनमधल्या व आपल्याकडच्याही टीकाकारांनी तोच कागद हाती धरून ‘पाहा, हाच इस्लाम’ म्हणावे! हुकूमशहाचा प्रवक्तेपणाचा दावा त्याचा शत्रूच मान्य करतो. मधल्या मध्ये ज्या मुसलमानांनी त्या हुकूमशहाविरुद्ध मान पुढे केली, ते दोघांच्याही हिशेबात नसतात.

२५/ ‘मान पुढे केली’ हा वाक्प्रचार मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. सुदानचे महमूद मुहम्मद ताहा. मूळचे अभियंता. मक्केत अवतरलेल्या आयतींतील समता आणि स्वातंत्र्य हा इस्लामचा चिरंतन संदेश. मदिनेतील कायदेविषयक आयती त्या काळापुरत्या, अशी त्यांची मांडणी होती. सप्टेंबर १९८३ मध्ये अध्यक्ष जाफर निमेरीने शरियतच्या नावाने हातपाय तोडण्याचे कायदे आणले. ताहांनी ते कायदे रद्द करा, दक्षिणेतील युद्ध थांबवा, असे पत्रक काढले. खटला उरकला गेला, अपील न्यायालयाने धर्मत्यागाचा ठपका ठेवला. धर्मत्याग हा गुन्हा तेव्हाच्या सुदानी दंडसंहितेत लिहिलेलाही नव्हता. १८ जानेवारी १९८५ रोजी खार्टूमच्या कोबर तुरुंगात सत्तरी ओलांडलेल्या ताहांना जाहीर फाशी देण्यात आली.

२६/ तीन महिन्यांत निमेरीची सत्ता कोसळली. १९८६ मध्ये सुदानच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला. १९९१ मध्ये मात्र नव्या लष्करी राजवटीने धर्मत्यागाचा गुन्हा कायद्यात घातला, आणि तो काढून टाकला गेला २०२० मध्ये, जनआंदोलनाने ती राजवट उलथल्यानंतर. यातले न्यायाधीश मुसलमान, फाशी जाणारा मुसलमान, निकाल रद्द करणारे मुसलमान, रस्त्यावर उतरून राजवट पाडणारेही बहुसंख्य मुसलमानच. यांतला ‘इस्लामी दृष्टिकोन’ कोणता हे ठरवण्याचा अधिकार फाशी देणाऱ्याला का द्यायचा?

२७/ महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १८ एप्रिल १९६६ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंनी कुराणाचा नवा अर्थ लावण्याची वाट धरली नाही. ही स्त्री भारताची नागरिक आहे, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. मुंबईतच असगर अली इंजिनिअर यांनी उलट वाट धरली आणि कुराणातूनच स्त्रियांच्या हक्कांची मांडणी केली. दोघांना आपापल्या समाजातल्या धुरीणांनी छळले. दलवाई बरोबर की इंजिनिअर, यावर आमच्याकडे अजून तावातावाने वाद होतात, आणि व्हावेत. मला व्यक्तिशः दलवाईंची वाट अधिक सरळ वाटते, कारण नागरिकाचा हक्क मुफ्तीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. पण ट्युनिसचा बाजार ज्या वाटेने बंद झाला, ती इंजिनिअरांची होती, हेही विसरता येत नाही.

२८/ त्या सात स्त्रियांची नावे किती जणांना सांगता येतील? ‘मुस्लिम महिलांचा कैवार’ घेणारे दोन्ही बाजूंचे लोक दिवसरात्र त्यांच्याविषयी बोलतात, म्हणून विचारतो.

२९/ आणि आता जफरुल्ला खान यांच्या कहाणीचा उरलेला भाग. २६ एप्रिल १९८४ रोजी जनरल झिया उल हक यांनी विसावा वटहुकूम काढला. अहमदियांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे, अजान देणे, स्वतःला मुसलमान म्हणवणे, आपल्या श्रद्धेचा प्रसार करणे हे सारे गुन्हे ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जफरुल्ला तेव्हा ९१ वर्षांचे होते. १ सप्टेंबर १९८५ रोजी लाहोरात त्यांचे निधन झाले. पाले द शायोच्या व्यासपीठावरून त्यांनी जे केले, म्हणजे मुसलमान म्हणून उभे राहून इस्लामचा अर्थ जगाला सांगणे, ते आयुष्याच्या शेवटच्या सोळा महिन्यांत त्यांच्या स्वतःच्या देशात तुरुंगवासास पात्र होते. तो वटहुकूम आजही पाकिस्तानच्या दंडसंहितेत आहे, कलम २९८-ब आणि २९८-क या नावांनी.